वळच्या फेरफारातली एक ओळ

भिवंडीतल्या एका सरकारी कचेरीच्या मागच्या अंगाला, दुपारी दोन वाजेपर्यंत दिवा लावल्याशिवाय अक्षर दिसत नाही अशा खोलीत प्रभाकर टिपणीसने एकतीस वर्षं काढली. दारावर पाटी होती ‘अभिलेख कक्ष’, पण त्या नावाने तिला कोणी ओळखत नसे. लोक विचारत, “दफ्तरातले भाऊ आलेत का?” आणि शिपाई कासम बाहेरच्या बाकावरूनच सांगे, “आत जा. चपला इथे काढा. आणि खोकू नका, कागद उडतात.”

भाऊ म्हणजे किडकिडीत अंगाचा, जाड भिंगांचा, शर्टाला बारा महिने डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा माणूस. चहा पाजला तर प्यायचा, पण त्यापलीकडे कोणाचं काही घ्यायचा नाही. सरळ सांगायचं तर माणूस चांगला होता. म्हणजे तो स्वतःही स्वतःबद्दल असंच समजत होता, आणि घोटाळा तिथेच झाला.

त्याच्याकडे लोक यायचे ते वाडवडील शोधायला. ऐंशीच्या सुमारास वळ, कशेळी, काल्हेर या बाजूला गोदामांची चाहूल लागली आणि जो तो आपला आजा-पणजा हुडकायला लागला. पण सगळेच काही जमिनीसाठी येत नसत. कोटरगेटजवळची खुर्शीदबी नावाची म्हातारी केवळ आपला खापरपणजा कुठल्या बंदरावरून इथे आला, एवढं ऐकायला तीन शुक्रवार येऊन बसली होती. प्रभाकर म्हणायचा, “आजोबांचं नाव सांगा, गाव सांगा, बाकी माझ्यावर सोडा.” आणि खरोखरच सोडावं असं त्याचं काम होतं. सातबाऱ्यावर गोल काढून आत एक नंबर लिहिलेला असतो. तो फेरफाराचा. तो नंबर धरून फेरफाराच्या वहीत गेलं की खातेदार कधी मेला, मागे कोण राहिलं, ते सापडतं. तिथून त्याच्या आधीचा नंबर, मग त्याच्याही आधीचा. असं मागे मागे जात मोडी लिपी लागली की बाकीचे कारकून हात टेकत आणि प्रभाकरच्या अंगात जोर येई. बापाकडून शिकलेली मोडी तो वर्तमानपत्रासारखी वाचायचा.

या कागदांत बाई सहसा भेटत नाही. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा फलाणा, अशी बाप्यांचीच रांग. बाई येते ती कर्ता पुरुष मेल्यावर आणि पोर लहान असल्यावर. मग पोराच्या नावापुढे तीन अक्षरं पडतात, ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान मुलाची पालनकर्ती, आणि त्यापुढे आईचं नाव. पोर मोठं झालं की दुसऱ्या फेरफाराने ते नाव कमी होतं. आलेल्या लोकांना प्रभाकर हे हसत सांगायचा.

नोकरीच्या शेवटच्या पाच वर्षांत तो हसत सांगायचा थांबला. तेव्हा तो नोंद पहिल्या अक्षरापासून तलाठ्याच्या सहीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवी. कोणाच्या घरातली भानगड निघो, कोणाच्या आजीचं पहिलं लग्न निघो, समोरचा ‘पुरे, पुरे’ म्हणू लागला तरी वाचतच राही. लोक चिडत. कासम तेवढा काही बोलत नसे, कारण वळच्या वहीचं काय झालं होतं ते त्याला ठाऊक होतं.

त्र्याऐंशी साली काळूराम भोईर पहिल्यांदा आला. चौतिशीचा, कामतघरला लूम चालवणारा, कानावर केसांत कापसाचा तंतू अडकलेला. मूळचा वळचा, पण बाराव्या वर्षी चुलत्याच्या घरातून निघाला तो परत राहायला गेला नव्हता. दारात उभा राहून त्याने आधीच सांगून टाकलं, “भाऊ, मना जमिनीचं काय नको. जमीन चुलत्यानं खाल्ली, खाऊ दे. माझ्या आयसचं काय झालं, यवढंच बगा.”

“तुला काय सांगितलंय?” प्रभाकरने विचारलं.

“चुलता बोलतो मेली. बापूस मेला आनि मागनं ती मेली. पन कशानं मेली, कुटं जाळली, काय सांगत न्हाय. माझ्या हळदीला गावातली एक म्हातारी आलती. मना बगून रडाया लागली, याची आयस हितं पायजे होती बोलाया लागली, तर बायांनी तिला धरून बाहेर नेली. तवापासून मना चैन न्हाय.”

“मग गावात विचारायचं.”

“इचारलं. समदी चुलत्याच्या तोंडाकडं बगतात. सरकारचा कागद कुनाच्या तोंडाकडं बगत न्हाय.”

कासमने वळची जुनी वही काढून आणली. प्रभाकरने फडक्याने धूळ टिपली आणि अर्ध्या तासात नोंद काढली. पन्नास सालची, मोडीत. तो वाचू लागला. “खातेदार बाळू हिरू भोईर मयत. वारस मुलगा काळूराम, वय वर्षं एक, अ.पा.क. आई गोमाबाई.”

“परत वाचा,” काळूराम म्हणाला.

प्रभाकरने परत वाचलं. आईचं नाव गोमी होतं हे काळूरामला माहीत होतं, पण ते कोणी ‘गोमाबाई’ असं मानाने उच्चारलेलं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. त्याने ते दोनदा पुटपुटून पाहिलं.

पुढचं पान एकावन्न सालचं. प्रभाकरची नजर त्यावरून सरकली आणि जीभ अडखळली. लिहिलं होतं ते असं: अ.पा.क. आई गोमाबाई हिने मौजे कशेळी येथील गणू जोमा तरे याजबरोबर पाट लाविला असल्याने तिचे नाव कमी करून अ.पा.क. चुलता सावळाराम हिरू भोईर याचे नाव दाखल केले. पाट लावणं म्हणजे विधवेने दुसरं लग्न करणं. बाई मेली नव्हती. दुसऱ्या घरी गेली होती, आणि कोणाच्या घरी, कुठल्या गावी, तेही कागदाने चोख सांगितलं होतं.

आता प्रभाकरच्या घरची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्याची सख्खी आत्या एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली आणि माजघराच्या कोपऱ्यात पन्नास वर्षं जगली. तिने दुसरं लग्न करावं हा विचार त्या घरात कोणी मनातसुद्धा आणला नसता. विधवा म्हणजे ती, आणि तिचं सोसणं घराण्याने मिरवायचं, एवढंच प्रभाकर पाहून मोठा झालेला. समोर बसलेल्या या कष्टकऱ्याच्या कानावर त्याच्याच आईचा पाट घालायचा म्हणजे त्याच्या तोंडात मारल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं. त्याला दया आली. दया आली की विचार करायचा असतो, तो त्याने केला नाही.

“पुढच्या साली आईही वारली तुझी,” तो म्हणाला. “म्हणून चुलत्याचं नाव लागलं.”

“तारीख हाय?”

प्रभाकरने नोंदीची तारीख वाचून दाखवली.

काळूरामने ती तारीख पाठ केली. मग म्हणाला, “मंग बरं. मना वाटायचं, टाकून गेली.” आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. वहीला हात लावू का म्हणून त्याने विचारलं, लावला, कपाळाला नेला आणि निघून गेला. आपण फार मोठं काम केलं या समाधानात प्रभाकरने वहीची गाठ बांधली.

कासम मागे उभा होता. त्याला मोडी येत नव्हती, पण मोजता येत होतं. “भाऊ, ओळी चार होत्या. तुम्ही दीडच वाचलीत.”

प्रभाकरने सांगितलं काय होतं ते. कासम म्हणाला, “मग यात लपवायचं काय? आमच्यात तर विधवेचा निकाह लावून देणं पुण्याचं काम.”

“तुमच्यात असेल. त्याला काय वाटलं असतं ऐकून?”

“ते त्याला विचारायचं होतं ना,” कासम म्हणाला आणि वही उचलून घेऊन गेला.

खरी गोष्ट अशी, की काळूरामच्या भावकीत पाटाची लाज कोणालाच नव्हती. वळमध्ये दर चार घरांमागे एका घरात पाटाची बाई नांदत होती आणि तिला कोणी बोट दाखवत नव्हतं. सावळारामने लपवलं ते लाजेपोटी नव्हे. आई जिवंत आहे कळलं तर पोर तिच्याकडे पळेल आणि पोराबरोबर त्याचा हिस्साही जाईल, म्हणून. अठरा वर्षं या लोकांचे कागद वाचणाऱ्या प्रभाकरला हे माहीत असायला हवं होतं. पण कागद त्यांचे वाचायचा आणि अर्थ आपल्या माजघरातला लावायचा, अशी त्याची रीत.

त्या तारखेवरून काळूरामने भटजीकडून तिथी काढून घेतली आणि भाद्रपदात, पितृपक्षात, आईच्या नावाची वाडी दाखवायला सुरुवात केली. केळीच्या पानावर भात, वडे, खीर वाढायची आणि कावळ्याची वाट पाहायची. इतकी वर्षं आईची तिथीच ठाऊक नसल्याने हे त्याला करता आलं नव्हतं. दरसाल त्या दिवशी कागदात गुंडाळलेले चार वडे तो प्रभाकरला आणून द्यायचा. “तुमच्यामुळं तिला पान मिळतं, भाऊ.” प्रभाकर ते वडे चहाबरोबर खायचा. चौऱ्याऐंशीत गावात दंगल होऊन नको ते झालं, महिनेच्या महिने लूम बंद होते, तरी त्या साली वडे चुकले नाहीत. कासमला देऊ केले तर तो म्हणायचा, “मला नको, तुम्हीच खा.” कशेळी गाव कामतघरपासून रिक्षाने अर्ध्या तासावर, आणि तिथे ती बाई खाडीवर कालवं काढत होती, भात लावत होती.

एक्क्याण्णव साली, श्रावण संपता संपता, एका मंगळवारी कशेळीचा चांगदेव तरे दफ्तरात आला. अडतीस वर्षांचा, दाढी वाढलेली, जागरणाने डोळे लाल. नाव ऐकताच प्रभाकरला ती एकावन्न सालची नोंद आठवली.

“माझी आयस लय आजारी हाय,” चांगदेव म्हणाला. “बापूस गेल्या साली वारला. तो होता तवर ती कंदी बोलली न्हाय. पाट लागला तवाच ठरलेलं, पहिल्या घराचं नाव काढायचं न्हाय, त्या गावाच्या शिवेत पाय टाकायचा न्हाय. आता बोलते. वळला माझा ल्योक हाय, काळू, त्याला आना बोलते. मी वळला जाऊन आलो. त्याचा चुलता मेलाय, आनि चुलत्याची पोरं बोलतात, आमाला काय म्हाइत न्हाय. एक जन बोलला, दफ्तरात बग. डॉक्टर बोलतो, जास्त दीस न्हाईत.”

एवढं सगळं प्रभाकरला ऐकायचंही कारण नव्हतं. काळूराम कुठे राहतो, कुठल्या शेडमध्ये कुठल्या शिफ्टला असतो, हे त्याला तोंडपाठ होतं. एक वाक्य बोलायचा अवकाश होता. पण ते वाक्य बोललं की दोघे भाऊ समोरासमोर येणार, काळूराम विचारणार की मग मला मेली म्हणून कोणी सांगितलं, आणि सगळ्या तालुक्यात ‘भाऊंनी वाचलं म्हणजे झालं’ असं जे नाव होतं ते जाणार.

“ती वही बांधणीला गेलीय,” प्रभाकर म्हणाला. “सोमवारी या.”

वही त्याच्या पाठीमागच्या फळीवर होती.

चांगदेव गेल्यावर कासम आत आला. त्याने बाहेरून सगळं ऐकलं होतं. “भाऊ, आज संध्याकाळी जा त्याच्याकडे. उद्या नको, आजच.”

“जातो,” प्रभाकर म्हणाला. त्याला खरंच जायचं होतं. मात्र आधी तो बोलायची वाक्यं जुळवत बसला. मोडीतलं ते अक्षर तेव्हा लागलं नव्हतं, असं म्हणता येईल का? पान चिकटलेलं होतं, असं? बुधवार त्यात गेला. गुरुवारी तो कामतघरच्या नाक्यापर्यंत जाऊन परत फिरला. शुक्रवारी त्याने आपल्या मनाची समजूत घातली, की म्हातारी काही लगेच जात नाही, डॉक्टर लोक घाबरवतातच. ती म्हातारी साठ-बासष्टची होती, त्याच्याहून जेमतेम दहा-बारा वर्षांनी मोठी.

शनिवारी संध्याकाळी तो शेडपर्यंत पोचला. आत चोवीस लूम एकदम चालू. काळूरामने त्याला पाहिलं, चेहरा उजळला. त्याला वाटलं, भाऊ पहिल्यांदाच आपल्याकडे आले. त्याने हात जोडले आणि खुणेने सांगितलं, थांबा, आठ वाजता शिफ्ट सुटते. पाऊण तास होता. प्रभाकर खडखडाटात पाच मिनिटं उभा राहिला, मग जवळ जाऊन काळूरामच्या कानाशी ओरडला, “काही नाही, सहज आलो होतो!” आणि परत निघाला. रिक्षात बसल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटलं, हे त्याने नंतर कासमजवळ स्वतःच कबूल केलं.

सोमवारी चांगदेव आला तो डोक्याचा गोटा करून.

“काल पाटे गेली,” तो म्हणाला. “सुतकात बाहेर पडलो, पन तिच्या पहिल्या ल्योकानं दहाव्याला यावं, पानी द्यावं. तेवडं तरी करतो. वही आली का?”

प्रभाकरने वही काढली आणि एकावन्न सालची नोंद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचली.  मग त्याने विचारलं, “शेवटी बोलत होती का?”

“शनवार सांजपतूर बोलत होती. दारात कोन आलं की इचारायची, काळू आला का. मंग बोलायची बंद झाली.”

काळूराम कुठे असतो ते मला ठाऊक आहे, सांगून येतो, असं म्हणत चांगदेवला दफ्तरातच बसवून प्रभाकर एकटा कामतघरला गेला. त्या दुपारी वीज गेली होती. शेडमध्ये एवढी शांतता, की कामगारांच्या बिड्यांचा चुरचुर आवाज ऐकू यावा. काळूराम दाराशी बसला होता. प्रभाकर त्याच्यासमोर खाली जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं. वाचलेली दीड ओळ, गाळलेली अडीच, कशेळी, गणू तरे, चांगदेव, मंगळवार, बांधणीला न गेलेली वही. या खेपेला त्याने काही वगळलं नाही. आजूबाजूचे लोक उठून लांब जाऊन बसले.

काळूराम ओरडला नाही. त्याने आधी विचारलं ते भलतंच. “मंग आठ वर्सं मी पान कुनाला वाडलं, भाऊ? जित्या मानसाला?”

“हो. जिवंत होती ती,” प्रभाकर म्हणाला.

“माझी चार पोरं. तिला नातवंडं दिसली असती.” त्याने बोटांवर वार मोजले. मग हळूच म्हणाला, “तुमी शनवारी हितं आलंत. माझ्या कानात बोललंत, सहज आलो.”

“हो.”

“तवा ती होती?”

“होती,” प्रभाकर म्हणाला. “बोलत होती. तुझं नाव घेत होती.”

काळूराम उठून उभा राहिला. खुंटीवरचा सदरा काढून अंगात घालताना त्याला बाही सापडेना. एका कामगाराने पुढे होऊन ती धरली. दारातून बाहेर पडताना तो वळला आणि प्रभाकरकडे बघून बोलू लागला, आणि नेमकी तेव्हाच वीज आली. चोवीसच्या चोवीस लूम एका दमात सुरू झाले. काळूरामचे ओठ हलताना प्रभाकरला दिसत होते, चांगले चार-पाच वाक्यांइतके, पण त्यातला शब्दही त्याला ऐकू आला नाही. बोलणं संपवून काळूराम कशेळीच्या रिक्षात बसला. तो काय बोलला ते विचारायला जायचं प्रभाकरला पुढे कधीच धाडस झालं नाही.